दोन बोटं उंच

मंगळवारी सकाळी दूध घेऊन परत आलो तर दारावर एक कागद चिकटवलेला होता, आणि त्याच्या चौथ्या ओळीत मला माझंच एक वाक्य भेटलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. माझी वाक्यं लिहून झाली की कुठेतरी जाऊन पडतात, आणि त्यांची विचारपूस करायला मीही जात नाही. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पुन्हा वाचलं. आमचं घर वारसा वास्तूंच्या यादीत, दुसऱ्या श्रेणीत, दाखल झालं होतं. पूर्वपरवानगीशिवाय दर्शनी भागात, खिडक्या-दारांत किंवा जिन्यात कोणताही बदल करता येणार नाही, केल्यास दंड होईल. आणि मग ते वाक्य : 'विशेषतः या जिन्याची सातवी पायरी इतर पायऱ्यांपेक्षा दोन बोटे उंच असून अंधारात येणाऱ्या चोराला अडखळवण्यासाठी ती मूळ बांधकामातच योजलेली आहे.' त्यातलं 'योजलेली' नक्की माझं. इतक्या साध्या जागी 'योजलेली' लिहिणारा माणूस या शहरात दुसरा असेल असं मला वाटत नाही. चोरही माझाच. तो मी पान भरायला आणला होता. पायरी तेवढी माझी नव्हती, ती माझ्या मेहुण्याची होती, आणि गुरुवारी सुतार येऊन ती खाली उतरवणार होता.

खालच्या मजल्यावरचा शिंपी दुकान उघडत होता. तो तीस वर्षं आमचा भाडेकरू आहे आणि घराबद्दलची कोणतीही गोष्ट त्याला माझ्याआधी कळते. "अभिनंदन," तो म्हणाला. "ऐतिहासिक झालो आपण. मी पाटीवर लिहूनच घेतो, ऐतिहासिक शिंपी." मी म्हटलं, पाटी बदलायलाही परवानगी लागेल बहुधा. त्यानं कागद वाचला, पाटीकडे पाहिलं. "म्हणजे माझ्या पाटीवरची पाल गेली तरी अर्ज?" मला उत्तरं माहीत नसतात आणि माहीत असली तरी वेळेवर आठवत नाहीत. मी जिना चढू लागलो. सातव्या पायरीला माझा पाय आपोआप दोन बोटं जास्त उचलला गेला. गेली चौतीस वर्षं तो तसाच उचलला जातोय. त्यात माझी काही हुशारी नाही.

बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते आणि ती मुलीकडे होती, लिफ्ट असलेल्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जिना चढायला हरकत नाही, मात्र पायऱ्या सारख्या हव्यात. एखादी जरी उंच निघाली तरी नवा गुडघा तिथे फसेल. तेव्हा बायको मला म्हणाली होती, "पायरी खाली आली की मी वर येते." हे तिनं हसत म्हटलं होतं, पण तिच्या हसत बोललेल्या गोष्टीच मला जास्त खऱ्या वाटतात. शिवाय तिला लिफ्टची सवय होत चालली होती. फोनवर ती लिफ्टबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात एक कौतुक असायचं. "बटण दाबलं की येते हो. बोलवावं लागत नाही, दोनदा सांगावं लागत नाही." यात माझी तुलना होती की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मुलगी तर म्हणतच होती, "बाबा, आईला इथेच राहू द्या. तुम्हीपण या. पुस्तकांचं बघू काहीतरी." तिच्या घरी पुस्तकांसाठी एक फळी आहे आणि तिच्यावर मासे ठेवले आहेत. माझी चार कपाटं आहेत. पण कपाटांचं मी उगाच पुढे करतो. खरी गोष्ट अशी की सहा आठवडे मी दोन कप चहा करत होतो आणि दुसरा गार झाल्यावर पीत होतो.

दुपारी मी वाचनालयात गेलो. तिथे मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो आणि येईल त्याला एकच उपदेश करत असे, मूळ संदर्भ बघा. आता मीच मूळ संदर्भ बघायला निघालो होतो, आणि तो कुठे सापडणार हे मला ठाऊक होतं. वारशाच्या यादीत तळटीप होती, ती एका मार्गदर्शक पुस्तकाकडे बोट दाखवत होती. त्या पुस्तकानं ते वाक्य एका रविवारच्या पुरवणीतून उचललं होतं, पुरवणीनं एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून, आणि प्रबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : वाचनालयाचा वार्षिक अहवाल, पान बावीस. मी अहवाल काढला. पान बावीस. वरच्या अर्ध्या भागात त्या वर्षी खरेदी केलेल्या पंख्यांची नोंद, खालच्या अर्ध्या भागात 'आपल्या परिसरातील एक गंमत', आणि खाली नावाच्या जागी 'एक वाचक'. स्वतःचं नाव घालायचा मला तेव्हाही संकोच वाटला होता. एवढे विद्वान लोक एकामागून एक या अर्ध्या पानाशी येऊन टेकले होते आणि एकानंही जिना चढून पाहिला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटलं. माझं इतकं काही कुणी कधी वाचलं नव्हतं.

ते अर्धं पान का लिहिलं हे मात्र कुठल्याच तळटीपेत नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी सातवी पायरी पुढच्या बाजूनं कुजली आणि तिला भोक पडलं. मी सुतार बोलवावा की नाही याचा विचार करत होतो. माझा विचार तीनेक महिने चालला असता, पण बायकोचा थोरला भाऊ आला. त्याला सगळं येत असे. म्हणजे त्याला काहीच येत नसे, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो नळ, घड्याळं, लग्नं, सगळंच जुळवून द्यायचा. वाचनालयातलं एक कपाट मोडीत निघालं होतं. त्याची एक जाड फळी मी रीतसर मागून आणली होती. रीतसर म्हणजे मीच अर्ज लिहिला, मीच तो दोन दिवस टेबलावर ठेवला आणि मीच मंजूर केला, आणि तरीही पुढे वर्षभर मला ती चोरीच वाटत राहिली. मेहुण्यानं फळी विती-बोटांनी मोजली. मी मोजपट्टी पुढे केली तर म्हणाला, "मोजपट्टी भित्र्या माणसांसाठी असते, भाऊजी." मी ती परत खिशात ठेवली. कुजलेली पायरी काढायच्या भानगडीत तो पडला नाही, तिच्यावरच त्यानं फळी ठोकून दिली, बारा खिळे, आणि चहा पिऊन गेला. जाताना जिन्यावरून उतरताना तोच पहिल्यांदा अडखळला. "पायाला सवय व्हायला हवी," असं म्हणून तो खाली पोचला.

त्या संध्याकाळी मी हसलो. माझ्या हातून क्वचित एखादा विनोद होतो, तो नेमका चुकीच्या वेळी होतो. मी म्हणालो की तुझ्या दादाला एव्हरेस्टवर पाठवायला हवं, चार बोटं तरी वाढवून येईल. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. ती लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून शाळेत गेली, ज्यानं तिच्या फीसाठी स्वतःची सायकल विकली, त्याच्याबद्दल मी बोललो होतो, आणि हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. चुकलं म्हणायचं होतं. वाक्य अगदी साधं होतं, दोन शब्दांचं, पण ते तोंडातून निघेना. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. चार दिवसांत मी इतकं पाणी प्यायलो की तिला वाटलं असेल मला काहीतरी झालंय. पाचव्या दिवशी वाचनालयाच्या वार्षिक अहवालाची मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. पान बावीस अर्धं कोरं होतं. मी बसलो आणि एका दमात लिहिलं की ही पायरी चुकून उंच झालेली नाही, ती फार वर्षांपूर्वी फार शहाण्या माणसानं मुद्दाम तशी योजलेली आहे. माझ्या प्रत्येक वाक्यात कुठेतरी एक 'बहुधा' असतो, नाहीतर 'असे वाटते' तरी असतं. त्या अर्ध्या पानात एकही नव्हता. अहवाल छापून आला तेव्हा मी तो टेबलावर उघडा ठेवून बाहेर फिरायला गेलो. परत आलो तर ती डोळे पुसत हसत होती. "शहाण्या माणसानं होय," म्हणाली, आणि ताट वाढलं. त्यानंतर त्या पायरीबद्दल आम्ही दोघंही कधी वेडंवाकडं बोललो नाही. मेहुणा जाऊन आता अकरा वर्षं झाली.

बुधवारी सुतार फोनवर म्हणाला की असल्या घराला तो हात लावणार नाही, मागे एकदा एका खिडकीपायी त्याची करवत जप्त झाली होती. म्हणून मी वारसा समितीच्या कार्यालयात गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं : मीच तो वाचक, ती पायरी खोटी, कृपया परवानगी द्यावी. समोर एक तरुण वास्तुतज्ज्ञ बाई बसल्या होत्या, मुलीहून लहान, केसात पेन्सिल खोचलेली. मी पत्ता सांगितला आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या. "सातवी पायरी? तुम्ही त्या घरात राहता?" मला बसवून त्यांनी चहा मागवला. शाळेत असताना त्या मार्गदर्शक पुस्तकात त्यांनी ते वाक्य वाचलं होतं, आणि तेव्हापासून त्या अनोळखी घरात गेल्या की पायऱ्या मोजतात. "म्हणजे बघा काका, घर नुसतं उभं नसतं, ते विचार करतं, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. या धंद्यात मी आले ती त्या पायरीवरूनच." मी कप बशीत ठेवला. कुणाचं आयुष्य माझ्या थापेवर उभं असेल अशी शंका मला कधी आली नव्हती, आणि मला तर कसल्याही शंका येतात. मी त्यांना म्हणालो, चहा छान आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात त्यांच्या व्याख्यानाला मी यावं, घरमालक म्हणून दोन शब्द बोलावेत. मी बरं म्हणालो. जिना उतरताना मी त्यांच्या कार्यालयाच्या पायऱ्या मोजल्या. सगळ्या सारख्या होत्या.

संध्याकाळी फोन आला. "सुताराचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"यायचाय."

"यायचाय म्हणजे कधी यायचाय?"

"जरा परवानगीचं आहे. कागद आलाय एक."

"कसला कागद?"

मी वाचून दाखवला. चौथ्या ओळीशी येऊन थांबलो, मग तीही वाचली. मागे मुलीच्या घरातल्या माशांच्या टाकीची बुडबुड ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत ना, खरं काय ते?"

"सांगायलाच गेलो होतो."

"मग?"

"त्यांनी चहा दिला."

"कठीण आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रविवारी जावई विचारत होते, माझं रेशनकार्ड इथल्या पत्त्यावर करून घेऊ का म्हणून." आणि तिनं फोन ठेवला. रेशनकार्ड हा शब्द मला त्या रात्री जेवताना, ताट धुताना आणि दार लावताना ऐकू येत राहिला.

तोंडानं जमत नाही तर लिहावं, हे माझं जुनंच आहे. मी तीन पानांचा अर्ज लिहिला, तीन प्रतींत, घराच्या तीन फोटोंसह. त्यात कपाट, फळी, मेहुणा, वीत, सगळं लिहिलं. फक्त स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या फेऱ्या लिहिल्या नाहीत. चार दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. आवाज पडलेला होता, पण त्या भल्या होत्या. "काका, तुमचा अर्ज वाचला. समितीसमोर हा टिकायचा नाही. दुरुस्ती करायची असली की सगळेच मालक म्हणतात आमचं घर जुनं नाहीच. एकानं तर आपल्या घुमटाला पाण्याची टाकी म्हटलं होतं. आणि तुम्ही म्हणता ते टिपण तुमचं, पण त्याखाली नाव नाही."

"ते मीच लिहिलंय. बहुधा कच्चा खर्डाही असेल घरात."

"तेच म्हणते मी. तुमच्या तीन पानांत चौदा वेळा 'बहुधा' आहे. त्या टिपणात एकदाही नाही. समितीनं कुणावर विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा."

मी प्रामाणिकपणे विचार केला. मी समितीत असतो तर त्या दुसऱ्या माणसावरच ठेवला असता.

शनिवारी सकाळी त्या पाहणीला आल्या. बॅटरी, मोजपट्टी, वही. नेमकी त्याच वेळी दाराशी रिक्षा थांबली आणि तीतून मुलगी उतरली, मग काठी, मग बायको. मी तिला बोलावलं नव्हतं. शिंप्यानं बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं दुकानातून खुर्ची आणून जिन्याच्या पायथ्याशी ठेवली आणि स्वतः कात्री हातात घेऊन दारात उभा राहिला, कापड नसताना. बाई एकेक पायरी मोजत वर गेल्या. सातवीशी त्यांनी मुद्दाम डोळे मिटले, पाऊल टाकलं, अडखळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मी मान फिरवली. "आहे," त्या म्हणाल्या. "खरंच आहे." मग वळून मला म्हणाल्या, "काका, शेवटचं विचारते. तुमच्याकडे काही पुरावा आहे?"

हीच ती वेळ होती. माझ्यासमोर बायको बसली होती, नवा गुडघा सरळ ठेवून, काठीच्या मुठीवर दोन्ही हात. तिच्यासमोर मला म्हणायचं होतं की तुझ्या दादानं ही पायरी बिघडवली. म्हणजे ते अर्धं पान परत घ्यायचं होतं. मला चौतीस वर्षांत तेवढी एकच माफी मागता आली होती, आणि तिला घरी आणायला मला तीच मोडावी लागणार होती. मी तोंड उघडलं. "म्हणजे त्याचं असं आहे," मी म्हणालो, आणि पुढे मला पाण्याची फार तहान लागली.

"माझ्या भावानं बसवलीय ती," बायको म्हणाली.

बाई जिन्यावरून खाली पाहू लागल्या. "काकू, तुम्हाला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? मी चहा केला होता." ती काठीच्या मुठीकडे बघत होती. "दादाच्या हाताला माप नव्हतं. कधीच नव्हतं. माझ्या लग्नातला मांडवसुद्धा एका बाजूनं खाली होता. चुकलीय ती पायरी. चुकीची बसवलीय." मग तिनं माझ्याकडे मान वर केली. "आणि ते पुस्तकात लिहिलंय ना, ते यांनी मला हसवायला लिहिलं होतं. यांना बोलता येत नाही ना. मला काय तेव्हा कळलं नव्हतं होय?"

मी म्हणायला गेलो की तितकी काही चुकलेली नाही, दोनच बोटं तर आहेत, आणि त्या बारा खिळ्यांतला एकही आजवर हललेला नाही. हे खरं होतं आणि मला ते पूर्वी कधी सुचलं नव्हतं.

"पण काकू, घरच्या माणसाचं बोलणं पुरावा धरता येत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"मग खालून बघा. नंबर असेल फळीला. यांनी वाचनालयातल्या केराच्या टोपलीलासुद्धा नंबर घातला होता. मांजर पळून गेली म्हणून वाचली."

बाई जिन्याखाली शिरल्या. तिथे शिंप्याच्या चिंध्यांची पोती असतात, त्यांच्यामध्ये त्या उताण्या पडल्या आणि त्यांनी बॅटरी लावली. आम्हाला त्यांच्या चपलाच दिसत होत्या. जुन्या पायरीला पडलेलं भोक तसंच होतं आणि त्यातून वरच्या फळीचं पोट दिसत होतं. "गोल शिक्का आहे," पोत्यांतून आवाज आला. "वाचनालयाचा. आणि पांढऱ्या रंगात, कपाट चार, फळी तीन." आमचं घर सव्वाशे वर्षांचं आहे, वाचनालयाला साठ वर्षं होतील. चपला काही वेळ हलल्या नाहीत. मला फार अपराधी वाटलं. एका मुलीची शाळेतली पायरी मी तिच्या डोळ्यांदेखत काढून घेतली होती. मी वाकून म्हणालो, "मॅडम, माफ करा. चुकलं माझं." दोन शब्द. बायकोनं चटकन माझ्याकडे पाहिलं.

"काका," आतून आवाज आला, आणि तो पडलेला नव्हता. "खाली मूळ पायरी आहे. अख्खी. फक्त भोकाशी पुढची कड गेलीय. कसलं लाकूड आहे हे." त्या केसांत चिंध्या घेऊन बाहेर आल्या. "वरची फळी काढणं म्हणजे बदल नाही, मूळ रूपात आणणं आहे. त्याला मीच परवानगी देऊ शकते, समितीकडे जायला नको. फक्त तुम्ही एक टिपण लिहून द्यायचं, हे सगळं कसं झालं त्याचं. नाव घालून." मी म्हटलं प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या, "आणि काका, 'बहुधा' नको." दाराबाहेर पडताना त्या थबकल्या. "व्याख्यानाला मात्र यायचं. मला आता हे सांगायचंय." शिंप्यानं विचारलं, "माझ्या पाटीचं?" त्या म्हणाल्या, "अर्ज करा."

पुढच्या गुरुवारी सुतार आला, परवानगीचा कागद दोनदा वाचून मगच त्यानं करवत काढली. बारा खिळे उपसायला त्याला अख्खी सकाळ लागली. "कुणी ठोकलेत हो हे," तो म्हणाला, "माणूस रागीट होता का?" मी म्हटलं नाही, खात्रीचा होता. त्यानं जुन्या पायरीची कड जोडून दिली, मोजपट्टीनं तीनदा मोजली. फळी मी पुसून वर नेली आणि माझ्या चौथ्या कपाटात बसवली. ती तिथे अर्ध्या बोटानं जास्त लांब भरते, कपाटाचं दार लागत नाही, पण मी सुताराला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बायको आली. मी तिच्या मागे एकच पायरी खाली राहून चढत होतो, दोन्ही हात पुढे धरून, पडलीच तर झेलायला, म्हणजे दोघंही पडायला. मुलगी खालून बॅग घेऊन येत होती. शिंपी दारात उभा राहून मोठ्यानं मोजत होता. पाच, सहा. सातव्या पायरीला बायकोचा पाय दोन बोटं जास्त उचलला गेला आणि तिथे काहीच नव्हतं. तो हवेतून खाली आला, धप्पकन, सपाट, नव्या गुडघ्यासकट. तिनं कठडा घट्ट धरला, मी तिचा दंड धरला, आणि त्याच क्षणी माझा पाय सहावीवरून सातवीकडे निघाला होता, तोही दोन बोटं जास्त, तोही हवेतून धप्पकन खाली. आम्ही दोघं त्या एका पायरीवर एकमेकांना धरून उभे राहिलो. खालून मुलगी ओरडली, काय झालं.

"काही नाही गं," बायको म्हणाली. तिला धाप लागली होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं ती रडतेय. "अहो, त्या पायरीनं चोर कधी पडला नाही. ही मात्र घरच्यांना पाडणार."

"पायाला सवय व्हायला हवी," मी म्हणालो, आणि म्हणाल्यावर हे वाक्य कुणाचं ते मला आठवलं.

तिला आधीच आठवलं होतं. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, तळपाय पायरीवर पुढेमागे फिरवत, जणू काही हरवलेलं शोधत होती. मग म्हणाली, "चहा टाका. दोन कप." आणि आठव्या पायरीला तिनं पाय बेतानं उचलला.